बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

१८८५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमहून वाँटेजच्या मठात एक पत्र गेले. लिहिणारी सत्तावीस वर्षांची मराठी विधवा होती. बाप्तिस्मा घेऊन तिला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पत्र ज्यांच्या नावे होते त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे तिच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी होती. घरगुती मायेने ती त्यांना ‘आजीबाई’ म्हणत असे. पत्रातला मजकूर मात्र मायेचा असूनही कठोर होता. मायदेशातल्या पुरोहितवर्गाचे जू आपण मोठ्या प्रयासाने मानेवरून उतरवले आहे. आता पाद्री जे जे सांगतील ते ईश्वराचीच आज्ञा म्हणून स्वीकारायचे, हे दुसरे जू आपण घेणार नाही, असे तिने स्पष्ट कळवले होते.

हे पत्र पंडिता रमाबाईंचे. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला, तेव्हापासून अभ्यासकांनी या पत्राकडे वारंवार लक्ष वेधले आहे. त्यातला बाणेदारपणा कोणालाही भुरळ घालील असाच आहे. पण याच रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात एक कबुली दिली, तिच्याकडे तितके लक्ष जात नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म बुद्धीला पटला होता, पण त्यात जीव नव्हता.

पत्र आणि ही उमज यांच्यात सहा वर्षांचे अंतर आहे. अधिकाराला नकार देणाऱ्या बाईने अखेर शरणागती पत्करली, असे काहींना वाटते. मला हा एकाच शोधाचा सलग प्रवास वाटतो, आणि त्याची सुरुवात इंग्लंडच्या पुष्कळ आधी झाली होती.

तीर्थांच्या वाटेवर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नाणावलेले संस्कृत पंडित आणि वैष्णव भक्त. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, आणि विद्वानांच्या सभेत शास्त्राधार देऊन त्याचे समर्थनही केले. रमाबाईंची पहिली गुरू आईच. भागवताचे हजारो श्लोक तिने मुलीकडून पाठ करून घेतले. एक मर्यादा मात्र अनंतशास्त्रींनीही पाळली होती. पुराणे आणि काव्ये मुलीला मोकळी होती, वेद नव्हते.

हे कुटुंब तीर्थाटन करीत आणि पुराणे सांगत जगले. मिळालेली दक्षिणा दानधर्मात गेली. मद्रास इलाख्यात दुष्काळ आला तेव्हा गाठीला काही उरले नव्हते. भीक मागायची लाज आणि मजुरीची सवय नाही, अशा अवस्थेत विद्वान घर उपाशी मरू लागले. रानातली पाने आणि फळे खाऊन त्यांनी दिवस काढले. वडील तोवर आंधळे झाले होते. शेवटच्या घटकेला त्यांनी या धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितले, की मी तुला देवाच्या हाती दिले आहे. तू त्याची आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. बापाने ज्या देवाच्या हाती दिले तो कोण, हे मुलीने स्वतः शोधायचे राहिले.

रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पुढे काही वर्षे पायी हिंडले. हजारो मैलांची ती वाटचाल होती. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत खड्डे खणून अंगावर वाळू ओढून ते झोपले. व्रते आणि स्नाने मात्र चालूच होती. हिमालयातल्या एका तळ्यात सात डोंगर तरंगतात आणि निष्पाप यात्रेकरूपाशी ते आपण होऊन येतात, अशी ख्याती ऐकून दोघे तिथे गेले. पाण्यात सुसरी आहेत, पुढे जाऊ नका, असे पुजाऱ्यांनी बजावले. श्रीनिवास पहाटे कोणी नसताना पोहत गेला. डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेली दगडमाती होती आणि तीत झाडे लावलेली होती. रमाबाईंनी ही हकिकत पुढे लिहून ठेवली. आईवडिलांचा प्राण ज्या श्रद्धेवर गेला तिचा पाया तपासून पाहण्याची गरज त्यांना अशा प्रसंगांतून भासली.

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात त्या प्रथमच एका ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले पाहून, हे खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे भावंडांना वाटले. कोणीतरी संस्कृत बायबल हाती दिले. त्याची भाषा आणि मांडणी त्यांना परकी वाटली, आणि ते तसेच राहिले.

खरा धक्का बसला तो स्वतःच्या ग्रंथांमुळे. स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यायची म्हणून त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या. ग्रंथाग्रंथांत शेकडो बाबतींत मतभेद होते, पण दोन गोष्टींवर सगळ्यांचे एकमत त्यांना दिसले. स्त्रीजात ही स्वभावतःच हीन, आणि स्त्रीला व शूद्राला थेट मोक्षाचा अधिकार नाही. ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला दिले. वडिलांनी बंद ठेवलेले दार उघडले, तरी आत शिरल्यावर मनाचे समाधान झाले नाही. पुढे आयुष्यभर प्रत्येक धर्ममताला त्यांनी जो प्रश्न विचारला तो इथे तयार झाला. ज्या स्त्रीला कोणीच जवळ करीत नाही, तिला या देवापाशी जागा आहे का?

सिलचर, पुणे आणि फुलम

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मण नव्हते, त्यामुळे दोघांवरही बहिष्कार पडला. आसामातल्या सिलचरच्या घरी रमाबाईंना बंगालीतले लूककृत शुभवर्तमान सापडले. बॅप्टिस्ट मिशनचे ॲलन घरी येत आणि उत्पत्तीच्या पुस्तकातली सृष्टीची कथा समजावून सांगत. रमाबाईंना ती भावली. उघडपणे ख्रिस्ती होण्याची गोष्ट पतीला मात्र रुचली नाही. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत मेधावी पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले, हंटर आयोगापुढे साक्ष झाली. इंग्रजी शिकता शिकता नव्या कराराचे वाचनही सुरू झाले. फादर नेहेम्या गोरे यांच्याशी परिचय झाला. पूर्वाश्रमीचे हे नीळकंठशास्त्री काशीत ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाले होते आणि १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले होते. रमाबाईंशी शास्त्राची भाषा बोलू शकेल असा हा एकच ख्रिस्ती माणूस त्यांच्या भोवती होता.

१८८३ च्या एप्रिलमध्ये, लहानग्या मनोरमेला घेऊन, त्या इंग्लंडला निघाल्या. मनात वैद्यकी शिकायचे होते, धर्मांतर करायचे नव्हते. वाँटेजच्या सेंट मेरी मठाने आसरा दिला. मोबदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या धर्मभगिनींना त्या मराठी शिकवणार होत्या. कानांना नीट ऐकू येत नसल्यामुळे वैद्यकीचा बेत पुढे सोडावाच लागला.

याच मठाने त्यांना काही दिवस लंडनजवळच्या फुलमला पाठवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तिथे भगिनींचे काम चाले. रमाबाई त्या बायांना भेटल्या. त्यांच्यापैकी कित्येक जणी आता दुसऱ्या दुःखितांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रीला दंड करावा, शहराबाहेर घालवावी, असेच रमाबाईंनी ग्रंथांत वाचलेले होते. तुम्ही यांना जवळ का करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तिने तत्त्वज्ञान सांगितले नाही. योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडून तिने शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. दुपारच्या उन्हात याकोबाच्या विहिरीवर एकटी पाणी भरायला आलेली परजातीची बाई, जिचा संसार पाच वेळा मोडला होता. येशू तिच्याकडे पाणी मागतो, आणि खरी उपासना कोणत्या डोंगरावर होते हा विषय तिच्याशी बोलतो. पंडितांच्या सभेत ज्याची चर्चा व्हावी त्या विषयावर तो या बाईला उत्तर देतो.

कलकत्त्यात तयार झालेल्या प्रश्नाला इथे उत्तर मिळाले. हिंदुस्थानातल्या स्त्रियांना उचलून धरू शकेल असा हाच, अशी रमाबाईंची खात्री झाली. फादर गोऱ्यांची पत्रे आणि लेखन बुद्धीच्या शंका फेडीत होते. दरम्यान मोठा आघात झाला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. अशा दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

मायदेशी गदारोळ उठला. बहुतेक सुधारक हळहळले किंवा रागावले. ‘सत्सार’ लिहून रमाबाईंची बाजू घ्यायला जोतीराव फुले पुढे आले.

चेल्टनहॅमचा वाद

बाप्तिस्मा झाला म्हणजे शोध संपला, अशी मठाची समजूत होती. रमाबाईंच्या लेखी तो आत्ता कुठे सुरू झाला होता. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे गणित, विज्ञान आणि इंग्रजी साहित्य शिकता शिकता त्या संस्कृत शिकवीत. तिथून सुरू झालेला पत्रव्यवहार म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मनाने ईश्वराविषयी केलेल्या चिंतनाचा एक अस्सल दस्तऐवज आहे.

प्रश्न मुळावरचे होते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे देव असून देव एकच कसा? एकेश्वराच्या शोधात मी अनेक देव सोडले, मग इथे तीन का मानू? ख्रिस्ताचा जन्म कुमारीपोटी झाला हे मानल्यावाचून त्याचा शिष्य होता येत नाही का? अथानासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार न मानणाऱ्याला नरक सांगतो, पण येशूने तसे कुठे सांगितले? शुभवर्तमान वाचून विवेकाने ठरवायचे, की बिशपांनी ठरवलेले मुकाट मानायचे?

वाद पुस्तकी राहिले नाहीत. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरायची असे मठाचे म्हणणे होते. ज्या भाषा माझ्या मायभूमीच्या आहेत त्या सोडून लॅटिन का, असे रमाबाईंनी विचारले. पुडिंगमध्ये अंडे असेल तर त्या ते खात नसत, आणि ख्रिस्ती झाल्यावर हे सोवळे कशाला म्हणून टीका झाली की तो अभिमान नव्हे, सवय आणि आवड आहे, असे सांगत. मुलांनाही शिकवायची संधी चालून आली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवले तर मायदेशी तिची पत जाईल, असे त्यांना वाटले. याची तिडीक रमाबाईंनी लपवली नाही. मनोरमेला कळत नसलेली धर्मरहस्ये तिच्याकडून घोकून घेऊ नका, असेही त्यांनी आईच्या अधिकाराने बजावले.

सिस्टर जेराल्डिन यांना या सगळ्यात गर्व दिसला. त्यांची तळमळ खरी होती. ज्या लेकीला विश्वासात आणले ती पाखंडाकडे चालली, या भीतीने त्या कळवळून लिहीत. पण त्यांच्याकडे उत्तर एकच होते, की चर्च सांगते ते नम्रपणे स्वीकार. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांची रीत वेगळी होती. ज्या मनाने जुन्या धर्माला प्रश्न विचारून इथवर मजल मारली, ते मन उंबऱ्यापाशी काढून ठेव असे सांगता येत नाही, हे या शिक्षिकेने ओळखले. त्या रमाबाईंशी बरोबरीने चर्चा करीत, उपमा देत, वाचायला सुचवीत आणि थांबत. बील यांच्यामुळे रमाबाईंच्या काही गाठी सैल झाल्या. सगळ्या सुटल्या नाहीत.

या वादातून रमाबाईंनी ख्रिस्ताला कधी सोडले नाही. पाद्री आणि मतांगीकार यांची झडती चालू असतानाही येशूचा शब्द त्यांच्या लेखी अखेरचा होता. तो समजून घेताना मधे कोणी मध्यस्थ नको, एवढाच त्यांचा आग्रह होता. अनंतशास्त्रींनी मुलीला देवाच्या हाती दिले होते, कोणा मठाधिपतीच्या हाती नव्हे. त्या नात्यात दलाल नसावा ही तिची मागणी श्रद्धेतूनच आली होती.

१८९१: कृपा

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत राहिल्या. तिथे ख्रिस्ती धर्माचे आणखी चेहरे दिसले. क्वेकर, युनिटेरियन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रत्येकाचे देवाविषयी बोलणे निराळे. इतक्या पंथांच्या गर्दीत त्या गोंधळल्या, तरी कोणत्याही एकाला त्यांनी स्वतःला बांधून घेतले नाही. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. बालविधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा देण्याचे तिने कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना आपापले आचार पाळता येतील, असे ठरले होते. १८९० मध्ये सदन पुण्याला हलले.

बाहेरून पाहता सगळे जमले होते. नाव आणि मान दोन्ही होते, आणि काम हाती लागले होते. आतून मात्र रमाबाई कोरड्या पडल्या होत्या. त्यांनी स्वतःच नोंदवले आहे की बायबलविषयीची पुस्तके आपण पुष्कळ वाचली, खुद्द बायबल त्या मानाने कमी वाचले. तारण म्हणजे मेल्यानंतर कधीतरी मिळणारी गोष्ट, आणि ती आपल्या चांगल्या वागण्यावर अवलंबून, असेच त्या मनात धरून होत्या. तीर्थे आणि व्रते करून पुण्याचा संचय करणारे मन बाप्तिस्मा होऊनही बदलले नव्हते. हिशेबाची वही तीच होती, वर नाव फक्त नवे होते.

याच सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचे ‘फ्रॉम डेथ इन्टू लाइफ’ हे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. कॉर्नवॉलमधले हे पाद्री वर्षानुवर्षे लोकांना धर्म सांगत होते, आणि एके दिवशी स्वतःच्या व्यासपीठावरून प्रवचन करताना त्यांना उमगले की आपणच अजून ख्रिस्ताचे झालेलो नाही. रमाबाईंना स्वतःची ओळख पटली. त्या बायबलकडे वळल्या, आणि जे शब्द आधी अनेकदा वाचले होते त्यांचा अर्थ अंगाला लागू झाला. पापी मनुष्य लायक झाल्यावर देव त्याला जवळ करतो असे नाही. तो लायक नसतानाच ख्रिस्ताने त्याच्यासाठी प्राण दिला. त्यासाठी आधी काही भरावे लागत नाही. घ्यायचे असते ते आज, आत्ता, हात पसरून.

चेल्टनहॅममध्ये न सुटलेले प्रश्न इथे वेगळ्या अंगाने सुटले. ख्रिस्त देव कसा, हे प्रमेयासारखे सिद्ध झाले नाही. जो माझ्या पात्रतेची वाट न पाहता माझ्यापर्यंत आला तो देवच असला पाहिजे, दुसरा कोणी असे करणार नाही, अशी ती प्रचिती होती. ख्रिस्ताचे देवत्व आणि पवित्र आत्म्याचे कार्य त्यांनी पुढे मनापासून मानले, आणि त्यात पूर्वीच्या विवेकाशी कुठे प्रतारणा झाली नाही. सांगितले म्हणून मानायचे नाही, हा निश्चय त्यांनी आठ वर्षे पाळला होता. कळल्यावर त्यांनी मानले.

फुलममध्ये शोमरोनी बाईची गोष्ट ऐकताना, हिंदुस्थानातल्या दीन स्त्रियांसाठी हा तारणारा योग्य आहे, असे रमाबाईंनी ठरवले होते. तेव्हा त्या विहिरीपाशी शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. १८९१ मध्ये विहिरीवरची बाई आपणच आहोत, हे त्यांना कळले. विद्वत्ता, कुळ, त्याग आणि समाजसेवा यांतले काहीही घागरीत नेण्याजोगे नव्हते. मला वाटते, ईश्वराच्या अधिक खऱ्या ओळखीचा उंबरठा नेमका इथे आहे. तोवर माणूस देवाला इतरांसाठी उपयुक्त मानत असतो.

केडगाव

या बदलाची किंमत लगेच मोजावी लागली. रमाबाई आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करीत; दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. तटस्थतेच्या वचनाचा हा भंग आहे, असा आक्षेप आला. ‘केसरी’ने टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या काळच्या हिंदू पालकांची चिंता समजण्यासारखी होती. विश्वासाने पाठवलेली मुलगी परधर्मात जाईल, ही भीती त्यांना खरीच वाटत होती. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते, की मी कोणाला बोलावत नाही, पण जी येते तिला माझ्या प्रार्थनेतून हाकलणार नाही. दोन्ही बाजूंना तडजोड अशक्य होती.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भुकेकंगालांच्या बातम्या आल्या तशा रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळग्रस्तांसाठी उघडलेल्या घरांत त्यांनी सांगाडे झालेल्या मुली पाहिल्या आणि मुली पळवणाऱ्या दलालांचा सुळसुळाट पाहिला. पाने खाऊन काढलेले आपले दिवस त्यांना आठवले, आणि या प्रवासाच्या लेखनात त्यांनी ते प्रथमच तपशिलाने मांडले. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग असल्याने शहरात ठेवायला सरकारची मनाई होती. आगगाडीच्या मार्गावर केडगावला त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्तिसदन.

आता बालविधवा, त्यातही वरच्या जातीची, ही जुनी मर्यादा उरली नाही. कोणत्याही जातीची मुलगी, रोगाने सडलेली असो की अत्याचाराने गरोदर राहिलेली असो, तिला दार उघडे झाले. गुजरातेतल्या १९०० च्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना अशी कामे बायका शिकल्या. अंध मुली ब्रेल शिकल्या. आणि ज्यांना कोणीच घेत नाही अशा स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. फुलमला जे पाहिले होते ते रमाबाईंनी दौंड तालुक्याच्या माळावर उभारले. नावातली कृपा त्यांना १८९१ मध्ये भेटलेली होती.

उपासनेच्या बाबतीतही जुना बाणा टिकून होता. १९०४ मध्ये वेल्समध्ये मोठे उज्जीवन झाल्याचे ऐकून केडगावात रोजची खास प्रार्थना सुरू झाली. सत्तरेक जणींपासून ती पाचशेंवर गेली. १९०५ च्या जूनअखेरीस, रमाबाई योहानाचा आठवा अध्याय शांतपणे समजावून सांगत असताना, मुली आपापल्या पापांसाठी रडू लागल्या आणि सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. शिकवणे थांबवावे लागले. हे कित्येक दिवस चालले. शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्या काही पाश्चात्त्य पाहुण्यांना हा गोंगाट खटकला. पुढे काही जणींच्या तोंडून अनोळखी भाषा आल्या. रमाबाईंना स्वतःला तो अनुभव आला नाही, तरी ज्यांना आला त्यांना त्यांनी अडवले नाही. आमच्या माणसांना देवापुढे आमच्या रीतीने रडू द्या आणि गाऊ द्या, पाश्चात्त्य वळण त्यांच्यावर लादू नका, असेच त्यांचे म्हणणे होते. लॅटिन अक्षरांचा क्रूस नाकारणारी तरुणी आता पन्नाशीकडे झुकली होती, पण तिचा स्वर बदललेला नव्हता.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी एका प्रचंड कामात घालवली. सामान्य मराठी बाईला वाचून समजेल असे बायबल हवे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळ्या ग्रंथाचे भाषांतर त्यांनी स्वतः केले. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत मुक्तीच्या बायका राबल्या. शास्त्र शिकण्याचा अधिकार नाकारलेल्या स्त्रियांच्या हातांनी शास्त्र छापले जात होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आले.

प्रश्न आणि विश्वास

रमाबाईंचे आज दोन वेगळे चाहते आहेत. एकाला चेल्टनहॅमची बंडखोर पंडिता आवडते आणि केडगावची प्रार्थना करणारी बाई अडचणीची वाटते. दुसऱ्याला केडगावची संत हवी असते आणि त्र्यैक्यावर शंका घेणारी पत्रे झाकून ठेवावीशी वाटतात. दोघेही अर्धीच बाई बघतात.

तळ्यातल्या डोंगरांची झडती घेणारी, धर्मशास्त्रांतली दोन कलमे बोटावर धरणारी, बिशपांना जाब विचारणारी आणि अखेर आपल्याच कोरड्या विश्वासाची कबुली देणारी बाई एकच होती. तिने शेवटची झडती स्वतःची घेतली, म्हणून आधीच्या झडत्यांना मोल आले. सिस्टर जेराल्डिन यांची आज्ञा मानून ती १८८५ मध्ये गप्प बसली असती, तर एक आज्ञाधारक ख्रिस्ती स्त्री मिळाली असती, आणि १८९१ ची ओळख बहुधा कधीच झाली नसती. उधारीच्या उत्तरांनी रिकामी जागा बुजते, आणि बुजलेल्या जागी कोणी येऊ शकत नाही.

आमच्या मंडळ्यांमधून आजही एखादा तरुण त्र्यैक्याविषयी, नरकाविषयी किंवा बायबलच्या अधिकाराविषयी प्रश्न विचारतो, तेव्हा त्याच्या श्रद्धेबद्दलच शंका घेतली जाते. रमाबाईंचा इतिहास सांगतो की त्याच्याशी डोरोथिया बील यांच्यासारखे वागावे. बरोबरीने बोलावे आणि थांबावे. आणि प्रश्न विचारणाऱ्यानेही रमाबाईंइतके पुढे जावे. चर्चला विचारून झाल्यावर स्वतःला विचारावे, की माझा देव माझ्या लायकीचा हिशेब ठेवणारा आहे, की मी नालायक असताना मला घेणारा? या प्रश्नाचे उत्तर ज्याला मिळाले त्याचे दार इतरांसाठी आपोआप उघडते. रमाबाईंचे उघडले तेव्हा त्यातून दोन हजार जणी आत आल्या, आणि त्यांच्यापैकी एकीलाही पात्रतेचा दाखला मागितला गेला नाही.